प्रकाशाचे दान आणि ओरणाची जमीन

सूर्यप्रकाश कुणाच्या मालकीचा नसल्याने त्यापासूनची वीज निर्दोष असते, हा समज अहिंसेच्या कसोटीवर अपुरा ठरतो. कारण प्रकाश फुकट असला तरी तो झेलणाऱ्या पॅनेलांना आणि वीज वाहणाऱ्या तारांना जमीन लागते. जैसलमेर परिसरात ही जमीन कित्येकदा ओरणाची, म्हणजे लोकदेवतेच्या नावाने राखलेल्या रानाची असते. आपल्या देवराईचेच हे वाळवंटी भावंड. तेथे गुरे चरतात, पण खेजडीच्या झाडावर कुऱ्हाड चालत नाही. महसुली दप्तर मात्र त्याला बरेचदा पडीक म्हणते. याच रानातल्या माळढोक पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची तार त्याला उशिरा दिसते आणि जड देहामुळे ऐनवेळी वळता येत नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये माळढोकाच्या रक्षणासाठी तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो शिथिल करताना हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हाही नागरिकांचा हक्क मानला. कोळशाच्या धुराने होणारी हिंसा विखुरलेली, म्हणून अदृश्य असते, तर तारेखाली पडलेला पक्षी मोजता येतो; धर्मविचाराला खरी अडचण या दोहोंना एकाच तराजूत घालण्याची आहे, आणि ओरणाच्या लोकदेवतेची संमती कुणी विचारायची, हा प्रश्न तर कोणत्याही प्रकल्प अहवालात बसत नाही.