सुहृद्द्यूत आणि उठण्याची मोकळीक

दिवाळीचे दिवस जवळ आले म्हणजे सभासद कुटुंबांतून एक प्रश्न दरसाल पुढे येतो. फराळ आटोपल्यावर चार स्नेही एकत्र जमतात, सतरंजी अंथरली जाते आणि तीन पत्तीचा डाव मांडला जातो. अलीकडे तरुण मंडळी त्याच बैठकीत पोकरही खेळतात. पैसे लावलेले असतात, पण थोडे. कोणी परका नसतो, घरमालक डावातून काही कापून घेत नाही, आणि आत घरातली माणसे चहाचे पाहत असतात. असा हा घरगुती खेळ नीतीस धरून आहे किंवा नाही? वडील मंडळी म्हणतात, जुगार तो जुगार. धाकटी मंडळी म्हणतात, नाटकसिनेमास याहून अधिक पैसे जातात आणि त्यात कोणी पाप मानीत नाही. दोन्ही पक्षांत काही तथ्य आहे असे आम्हांस वाटते. म्हणूनच या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात द्यूताचा कडक निषेध आहे. द्यूत हे वैर उत्पन्न करणारे असल्यामुळे शहाण्याने ते करमणुकीखातरही खेळू नये, असा तेथील अभिप्राय आहे. एवढ्यावर वडिलांचा पक्ष सिद्ध झाला असे वाटेल. परंतु याज्ञवल्क्यस्मृती राजाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या द्यूतास जागा देते. कौटिलीय अर्थशास्त्रात तर द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमून जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच राजाकडे घ्यावे असे सांगितले आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस आपण बलिप्रतिपदा म्हणतो, तिचेच दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसलेली कोरली आहेत. तात्पर्य, केवळ वचनांच्या आधारे हा वाद मिटावयाचा नाही. ज्याला जे हवे ते वचन त्याला सापडेल.

कायद्याचेही तसेच आहे. १८६७ सालच्या सार्वजनिक जुगाराच्या कायद्यात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या करताना जागेच्या मालकास मिळणारा नफा ही मुख्य खूण धरली आहे. सिकंदराबादच्या एका क्लबासंबंधीच्या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की रमीमध्ये पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते पान धरावे व कोणते सोडावे हे कौशल्याने ठरवावे लागते. उलट तीन पानांचा खेळ हा निव्वळ नशिबाचा आहे. पैसे लावून ऑनलाइन खेळावयाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली संमत केला. राज्यपरत्वे कायदे निरनिराळे आहेत, आणि आपापल्या ठिकाणचा कायदा प्रत्येकाने पाळलाच पाहिजे. तथापि कायदा अड्डा कोठला आणि घर कोठले एवढेच ठरवितो. घरात बसून मित्राने मित्राशी कसे वागावे, हे तो सांगत नाही. आमचा प्रश्न तेथूनच पुढे सुरू होतो.

धाकट्या मंडळींचा मुख्य आधार म्हणजे रक्कम लहान असते हा होय. हा आधार तपासून पाहावा. तीन पत्तीत बावन्न पानांतून तीन पाने हाती येतात. अशा तीन पानांचे एकंदर २२,१०० निरनिराळे संच होऊ शकतात. त्यांपैकी तीन सारख्या पानांचे संच अवघे ५२, म्हणजे ४२५ मध्ये एक. उलट ज्यांत साधी जोडीसुद्धा नाही, क्रम नाही, रंगही जुळत नाही, असे संच १६,४४०, म्हणजे शंभरांतील सुमारे चौऱ्याहत्तर. याचा अर्थ असा की बहुतेक वेळा बहुतेक खेळणारांच्या हाती काहीच नसते. मग डाव चालतो कशावर? तो चालतो चाल वाढविण्यावर. बूट एक रुपयाचा असला आणि चाल दर खेपेस दुप्पट होत गेली, तर दहाव्या दुपटीस ती १,०२४ रुपये होते. तोवर मध्ये पडलेली रक्कम वेगळीच. म्हणून जेथे चालीस मर्यादा ठरलेली नाही, तेथे आमचा खेळ एक रुपयाचा आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. एक रुपया हा केवळ त्या घराचा उंबरठा होय.

दुसरे असे की एका सतरंजीवर बसलेल्या सर्वांचा रुपया सारखा नसतो. घरगुती डावात बाहेरून पैसा येत नाही; एकाच्या खिशातून निघालेला तो दुसऱ्याच्या खिशात जातो, एवढेच. पाचशे रुपये गेले तर एखाद्या व्यापाऱ्यास ते दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. शेजारी बसलेल्या, महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या गृहस्थाचे तेच पाचशे रुपये मुलाच्या शिकवणीचे असू शकतात. तो बोलून दाखवीत नाही, हसत हसत पुढचे पान उचलतो. नियम सर्वांस सारखा लावला म्हणजे न्याय झाला, असे आपण समजतो. परंतु असमान माणसांस समान बाजी लावावयास लावणे हाही एक अन्यायच आहे. नाटकाच्या तिकिटाशी केलेली तुलना येथेच लंगडी पडते. तिकिटाची किंमत आत जाण्यापूर्वी ठाऊक असते, आणि ती आपण आपल्या ऐपतीप्रमाणे निवडतो. शिवाय आपले पैसे गेले म्हणून शेजारच्या खुर्चीवरच्या मित्रास ते मिळत नाहीत.

कोणी असाही आक्षेप घेतात की या खेळात हूल द्यावी लागते. हाती काही नसताना भारी पान असल्याचा आव आणावा लागतो, आणि मित्रास असे फसविणे म्हणजे असत्यच. हा आक्षेप आम्हांस तितकासा पटत नाही. बुद्धिबळात प्रतिपक्षास चकविणे जसे खेळाचे अंग आहे, तसेच हेही आहे. सर्वांनी आधीच मान्य केलेली हूल ही कोणाच्या विश्वासाचा घात करीत नाही. घात होतो तो दोघांनी आपसांत खूण ठरविली, चोरून पान पाहिले, किंवा मित्राचे डोके ठिकाणावर नाही हे पाहून चाल वाढविली तर. या शेवटच्या गोष्टीत कोणताही नियम मोडत नाही, आणि म्हणूनच ती अधिक जपण्याजोगी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. द्यूत म्हटले की आपल्या सर्वांस महाभारतातील सभापर्व आठवते, आणि शकुनीचे कपट हेच त्या अनर्थाचे मूळ असे आपण मुलांस सांगतो. पण ती कथा सावकाश वाचणारास आणखी काही दिसेल. धृतराष्ट्राने विदुरास पाठवून पांडवांना बोलाविले, तेव्हा निमंत्रण होते ते सुहृद्द्यूताचे, म्हणजे आप्तस्नेह्यांतील खेळाचे. अड्डा नव्हे, परके लोक नव्हेत. घरचीच माणसे, घरचेच छप्पर. सभेत बसल्यावर युधिष्ठिराने द्यूतातील कपटाविषयी शंका काढली. त्यावर शकुनीने काय म्हणावे? तुला भय वाटत असेल तर खेळू नकोस, असे तो म्हणाला. दार उघडेच होते! परंतु ते अशा शब्दांत उघडले की स्वाभिमानी माणसास त्यातून बाहेर पडणे अशक्य व्हावे. आव्हान आले असता मागे फिरावयाचे नाही हे आपले व्रत, असे सांगून युधिष्ठिर खेळावयास बसला. पुढे सर्वस्व गेले, ते परत मिळाले, पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेस लागले, आणि वाटेतूनच त्यांना पुन्हा बोलावणे आले. युधिष्ठिर पुन्हा परतला. पहिल्या डावात त्याचे फासे हरले असतील. दुसऱ्या डावास तो परतला तेथे मात्र उठून जाण्याची त्याची शक्तीच हरली होती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात जो जुगारी आपली कहाणी सांगतो, त्याचेही दुःख हेच आहे. जावयाचे नाही असा निश्चय तो करतो, आणि फाशांचा आवाज कानी पडताच त्याचे पाय तिकडे वळतात.

याच युधिष्ठिराची दुसरी कथा विराटपर्वात आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. अज्ञातवासात तो कंक नाव धारण करून विराट राजाचा फासे खेळणारा सोबती झाला होता. पुत्राच्या विजयाची वार्ता ऐकून हर्षभरित झालेल्या राजाने फासे मागविले. कंकाने द्यूताचे दोष सांगून नको म्हणून पाहिले, पण राजा ऐकेना. खेळता खेळता राजा पुत्राची स्तुती करू लागला आणि कंक बृहन्नडेची. राजास राग आला, त्याने हातातला फासा कंकाच्या तोंडावर मारला, आणि नाकातून वाहणारे रक्त सैरंध्रीने पात्रात झेलले. येथे कपट नव्हते, कोणाचे राज्य गेले नाही. तरी रक्त सांडले. कारण एकच: समोरचा माणूस सोबती म्हणविला जात असला तरी तो चाकर होता, आणि चाकरास नको म्हणून उठता येत नव्हते. आपल्या घरच्या बैठकीत कचेरीतला वरिष्ठ आणि त्याच्या हाताखालचा माणूस शेजारी शेजारी बसतात, किंवा व्याही आणि जावई बसतात, तेव्हा ही कथा आठवावी.

यावरून घरगुती खेळाची एक कसोटी आम्हांस सुचते. बाजी किती, खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हे प्रश्न दुय्यम होत. खरा प्रश्न असा की या बैठकीतून कोणाही माणसास, हरलेला असो वा जिंकलेला, मान खाली न घालता केव्हाही उठून जाता येते काय? येत असेल तर तो खेळ. येत नसेल तर बाजी चिंचोक्यांची असली तरी तो जुगार. आणि ही मोकळीक नाहीशी करावयास शकुनी लागत नाही. हरलेला मित्र घड्याळाकडे पाहतो, आणि कोणी सहज म्हणतो, “जा बाबा, वहिनींचा हुकूम मोडू नकोस!” सर्व हसतात, तोही हसतो आणि बसून राहतो. हे वाक्य आणि शकुनीचे वाक्य यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

म्हणून ज्याच्या घरी बैठक भरते, त्याच्यावर यजमान या नात्याने काही कर्तव्ये येतात. पहिले पान वाटण्यापूर्वीच उठण्याची वेळ आणि चालीची मर्यादा ठरवावी, आणि ती सर्वांत कमी ऐपतीच्या माणसास डोळ्यांपुढे ठेवून ठरवावी. ती कोणासाठी ठरविली हे मात्र बोलू नये. खेळात उसने देऊ नये व घेऊ नये. कारण उसने दिलेला पैसा म्हणजे उठू पाहणाऱ्याच्या पायात घातलेली बेडी होय. जिंकलेल्याने लवकर उठणे वाईट दिसते ही समजूत टाकून द्यावी. त्यास बसवून ठेवणे म्हणजे हरलेल्यासही बसवून ठेवणे. आणि कोणी उठला तर त्याची पाने शांतपणे गोळा करून, इतरांस देतो तसाच चहा त्यासही द्यावा.

यावर वडील मंडळी विचारतील, इतके सांभाळण्यापेक्षा पैसे लावणेच सोडले तर? उत्तम. बदाम सात, मेंढीकोट, पाच-तीन-दोन या खेळांत पिढ्यान्‌पिढ्या घरे रमली आहेत. पैशाने डावास धार येते हे खोटे नाही, हे आम्ही नाकारीत नाही. पण एखाद्या संध्याकाळी पैसे बाजूस ठेवून तीच माणसे त्याच सतरंजीवर बसवून पाहावीत. बैठक पूर्वीसारखी रंगली तर लहानशा बाजीने तिचे नुकसान होणार नाही. जर थोड्याच वेळात सर्वांस जांभया येऊ लागल्या, तर इतके दिवस आपण मित्रांस भेटत होतो की त्यांच्या खिशास, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

मनूने द्यूतास वैर उत्पन्न करणारे म्हटले. वैर हा शब्द आपल्या घरगुती बैठकीस मोठा वाटेल. परंतु मित्रांमधील वैराची सुरुवात बहुधा भांडणाने होत नाही. एक जण येईनासा होतो, निमित्ते सांगू लागतो, आणि त्याची जागा दुसरा कोणी घेतो, एवढेच. ज्या घरात तो हरून उठला तरी पुढल्या रविवारी निःसंकोच पायरी चढतो, त्या घरी बाजी लावली की नाही याची आम्ही फारशी चौकशी करणार नाही.