ब्लाइंडबहाद्दर

तीन पत्तीत पानं न बघता चाल देणाऱ्याशी कसं खेळावं, याचं उत्तर गणितात आहे. तीन पानं हातात येण्याचे एकूण प्रकार 22,100. त्यांत जोडी किंवा तिच्या वरचं काही असलेले फक्त 5,660. म्हणजे चारांत तीन वेळा समोरचा गर्जतोय तो रिकाम्या हातानं! बघणाऱ्याला चाल दुप्पट पडते हे खरं, पण नुसता एक्का असला तरी आपण निम्म्याहून अधिक वेळा सरस. तेव्हा थापा मारायच्या नाहीत (ज्यानं स्वतःचीच पानं पाहिली नाहीत, तो आपल्या थापेला काय भिणार?), भिकार पानं निमूट टाकायची, बरी आली की ठाण मांडायचं. बस्स.

अडचण गणितात नाही, मोलगीत आहे. तिथले आमचे एक दादा असेच ब्लाइंडबहाद्दर. सातपुड्यातल्या त्या बाजारात आमचूर विकून आले, की खिशात पैसे आणि अंगात युधिष्ठिर! आता आमचूर म्हणजे भर उन्हाळ्यात कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, वाळवायच्या. ते सगळं करतात वहिनी. मग मी एक्का धरून जिंकतो ते काय, दादांचं धाडस की वहिनींच्या कैऱ्या? दादा राजीखुशीनं हरतात. पण वहिनींना कुणी पानं वाटली होती? असाच काहीसा प्रश्न द्रौपदीनं भर सभेत विचारला, तेव्हा भीष्मांनाही उत्तर सुचलं नाही. तिथं माझी काय कथा!

हल्ली आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. दादांची धडाडी तीच. परवा माझ्याचकडून पन्नास चिंचोके उसने घेतले आणि माझ्यावरच ब्लाइंड चाल दिली.