शिकवणाऱ्याचे हात कामात हवेत

चित्रपटात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनीच चित्रपट शिकवावा, हा आग्रह मला मान्य आहे. त्याचा आज जो अर्थ लावला जातो, तो मान्य नाही. सुट्टी लागली की अभिनयाच्या आणि चित्रपटनिर्मितीच्या कार्यशाळांच्या जाहिराती सुरू होतात. दोन दिवस, पाच दिवस, फार तर दहा. मार्गदर्शकाचा फोटो मोठा, त्याखाली त्याच्या मालिकांची आणि चित्रपटांची नावं, आणि शिकवणार काय ते एका ओळीत. मुलं येतात. मार्गदर्शक आपल्या धडपडीच्या दिवसांबद्दल तास-दोन तास मनापासून बोलतात. फोटो निघतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि मुलं भारावून घरी जातात. त्यांना त्या माणसाचं आयुष्य थोडंफार कळलेलं असतं, काम मात्र कळलेलं नसतं.

काम कळणं म्हणजे काय? नदीकाठचा प्रसंग आहे. दोन पात्रं बोलताहेत. सूर्य पाऊण तासात मावळणार आणि ठरवलेल्या सात शॉटपैकी तीनच घेता येतील. कोणते तीन? याचं उत्तर पुस्तकात सापडत नाही, कारण ते त्या प्रसंगावर, समोरच्या नटावर आणि उद्या संकलनाला बसल्यावर काय लागेल यावर ठरतं. रोज काम करणारा दिग्दर्शक ते मिनिटभरात ठरवतो. तो काय सोडून देतो, कशाला अखेरपर्यंत चिकटून राहतो, हे त्याच्या शेजारी उभं राहूनच शिकता येतं. काम करणाऱ्याकडे शिकवण्यासारखं खास जे काही आहे, ते हेच. लेन्स, कॅमेऱ्याचे कोन, प्रकाशयोजना यांची माहिती आता फुकट मिळते आणि चांगली मिळते.

हवानाजवळच्या सान अंतोनियो दे लोस बान्योस या गावात 1986 मध्ये एक चित्रपटशाळा सुरू झाली. लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस, अर्जेंटिनाचे दिग्दर्शक फर्नांदो बिरी आणि क्युबाचे हुलिओ गार्सिया एस्पिनोसा हे तिचे संस्थापक. लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातल्या मुलांसाठी काढलेल्या या शाळेने कायमच्या प्राध्यापकांवर भिस्त ठेवली नाही. संकलक, छायालेखक, ध्वनिमुद्रक हातातलं काम संपवून तिथे येतात, राहतात, शिकवतात आणि पुन्हा कामावर जातात. खुद्द मार्केस पटकथेची कार्यशाळा घेत. टेबलाभोवती मोजकी माणसं. एकाने आपली अर्धी-कच्ची गोष्ट मांडायची, बाकीच्यांनी ती उसवायची आणि पुन्हा शिवायची. त्या बैठकांतल्या चर्चांची पुस्तकंही निघाली. नोबेल मिळालेला हा लेखक तिथे आपल्या कादंबऱ्यांवर व्याख्यान द्यायला बसत नसे. टेबलावर गोष्ट असे ती विद्यार्थ्याची.

रॉबर्ट रेडफर्ड यांनी अमेरिकेत 1981 मध्ये सुरू केलेल्या सनडान्स संस्थेतही मांडणी हीच. नवा दिग्दर्शक आपली पटकथा घेऊन येतो, तिच्यातले काही प्रसंग नटांना घेऊन चित्रित करतो, आणि अनुभवी मंडळी ते पाहून त्याच्याशी बोलतात. ते चित्रण कुठेही दाखवायचं नसतं, त्यामुळे चुकण्याची मुभा असते. 1991 च्या उन्हाळ्यात क्वेंटिन टॅरेंटिनो तिथे 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'मधले प्रसंग करून पाहत होते आणि सल्लागारांत टेरी गिलियम होते. असा सल्ला समोर ठेवलेल्या ठोस प्रसंगावरच देता येतो. समोर काही नसेल तर मोठ्यातला मोठा कलावंतही आठवणी सांगण्यापलीकडे काय करणार?

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असं नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम ही माणसं घडली ती पडेल ते काम करत. 1925 च्या 'सावकारी पाश'मध्ये शेतकऱ्याची भूमिका करणारे शांताराम त्याच कंपनीत पडद्यामागचीही कामं करत होते. 1929 मध्ये याच मंडळींनी 'प्रभात' ही चित्रपट कंपनी काढली. 'संत तुकाराम' (1936) दिग्दर्शित करणाऱ्या जोडीतले दामले ध्वनीचे जाणकार आणि फत्तेलाल कलादिग्दर्शक, म्हणजे दोघेही कारागिरीतून दिग्दर्शनाकडे आलेले. त्या चित्रपटात जो साधेपणा आहे त्याचं श्रेय मी भक्तीइतकंच या कारागिरीला देईन. पुढे प्रभातच्याच पुण्यातल्या आवारात 1960 मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे ऋत्विक घटक यांनी थोडाच काळ शिकवलं, पण मणी कौल आणि कुमार शहानी यांच्यासारखे विद्यार्थी त्यांचा ठसा घेऊन बाहेर पडले.

तरी जुन्या कंपन्यांची पद्धत जशीच्या तशी परत यावी, असं मला वाटत नाही. तिथे शिरकाव व्हायला ओळख लागे. शांतारामांनाही महाराष्ट्र फिल्म कंपनीत नेलं ते त्यांचे नातलग बाबूराव पेंढारकर यांनी. आजही सेटवर असिस्टंट म्हणून लागायचं तर आधी कुणाचा तरी फोन जावा लागतो. ज्याच्या घरात, गल्लीत, जातीत या धंद्यातलं कुणी नाही, त्याच्यासाठी कार्यशाळा हे जवळजवळ एकमेव उघडं दार आहे. म्हणून तर ती नीट चालावी याची मला काळजी वाटते. त्या दारात फोटो आणि प्रमाणपत्र देऊन मुलाला परत पाठवणं ही त्याची फसवणूक आहे, मग पाठवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

काम करणाऱ्यानेच शिकवण्याची गरज अभिनयाच्या बाबतीत जास्त जाणवते. मराठी मुलगा किंवा मुलगी अभिनयाकडे बहुधा एकांकिका स्पर्धांमधून येते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, प्रसंग चढवत न्यायचा, टाळी घ्यायची, हे अंगात मुरलेलं असतं. कॅमेऱ्यासमोर त्यातलं बरंच बाजूला ठेवावं लागतं. क्लोजअपमध्ये भुवई जरा जास्त उचलली तरी खोटी दिसते. प्रसंग क्रमाने घेतले जात नाहीत. बापाच्या मृत्यूनंतरचं रडणं सोमवारी आणि त्याच्याशी झालेलं भांडण गुरुवारी. समोरचा नट निघून गेलेला असतो आणि त्याच्या जागी उभ्या असलेल्या असिस्टंटकडे बघून लूक द्यायचा असतो. पहिल्या टेकला कप कोणत्या शब्दावर उचलला होता, ते नवव्या टेकलाही लक्षात हवं. चार तास लाइटिंग चालतं आणि मग दोन मिनिटांत तुमचं काम मागितलं जातं. या चार तासांत नट स्वतःला कसा सांभाळतो? काय खातो, कुणाशी बोलत नाही, संवाद मनात किती वेळा म्हणतो? ज्याने हे वर्षानुवर्षं केलं आहे तोच हे सांगू शकतो, आणि तेही कॅमेरा लावून, टेक घेऊन, तो टेक विद्यार्थ्याला दाखवून.

पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकवणारे रोशन तनेजा न्यूयॉर्कमध्ये सॅनफर्ड माइझनर यांच्याकडे शिकून आले होते. समोरच्याचं खरोखर ऐकायचं आणि त्यातून जे येईल ते बोलायचं, हा त्या शिकवणीचा गाभा. जया भादुरी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी ही नावं त्या अभ्यासक्रमातली. त्याच काळात दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या लघुपटांत अभिनयाच्या विद्यार्थ्यांना घ्यायचं की नाही, यावरून तिथे वादही झाला. पुढे तो अभ्यासक्रम बंद पडला आणि 2004 मध्ये पुन्हा सुरू झाला. अभिनय आणि चित्रपटनिर्मिती वेगवेगळ्या खोल्यांत शिकवल्या की असे वाद होतात. नटाला लेन्स कळत नाही आणि दिग्दर्शकाला नटाशी बोलता येत नाही. चांगल्या कार्यशाळेत हे दोघं पहिल्या दिवसापासून एकत्र असायला हवेत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. 'फँड्री'तला सोमनाथ अवघडे कुठल्या कार्यशाळेत गेला होता? 'सैराट'च्या वेळी अकलूजच्या शाळेत शिकणारी रिंकू राजगुरू कुणाकडे अभिनय शिकली होती? 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार चळवळीतले कार्यकर्ते, व्यावसायिक नट नव्हेत. मग शिकवण्याची गरजच काय? या चित्रपटांकडे नीट पाहिलं तर दिसतं की शिकवणं तिथेही होतं, ते फक्त चित्रपटाच्या पोटात होतं. दिग्दर्शकाने या माणसांना वेळ दिला, तालमी घेतल्या, टेकवर टेक घेतले. 'फँड्री'त सोमनाथच्या समोर बापाच्या भूमिकेत किशोर कदम होते, सत्यदेव दुबे यांच्या नाट्यसंस्कारातून आलेले. 'कोर्ट'मध्ये सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या. तयार नटाशेजारी नवखा उभा राहिला की तो ऐकायला शिकतो. मला तर कार्यशाळेचा याहून चांगला नमुना माहीत नाही.

आता निर्मितीकडे वळू. स्वतंत्र चित्रपट म्हणजे मोठ्या निर्मात्याशिवाय केलेला चित्रपट, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. तो कशाने अडतो, हे फार थोडे सांगतात. आवाजाने अडतो. चित्र बऱ्यापैकी मोबाइलवरही येतं, पण गावातल्या घरात संवाद चालू असताना शेजारचा मिक्सर, देवळाचा भोंगा, मागच्या रस्त्यावरची टमटम सगळं माइकमध्ये येतं. मग डबिंगचा खर्च, आणि नवख्या नटाला स्वतःचाच संवाद पुन्हा तसा म्हणता येत नाही. प्रत्येक जागी अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेचा मोकळा आवाज, म्हणजे रूम टोन, घेतला असता तर संकलनात निम्मा त्रास वाचला असता. चित्रपट कागदांनीही अडतो. बैलजोडीकडून चित्रीकरणात काम करून घ्यायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. मित्राने कथा दिलेली असते, पण लेखी करार नसतो. पार्श्वभूमीला रेडिओवर जुनं गाणं वाजतं आणि त्याचे हक्क कुणी घेतलेले नसतात. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, सरकारी अनुदानाचा अर्ज, चित्रपटगृहातले खेळ, महोत्सवांची फी: यातलं एकही काम चित्रीकरण संपल्यावर सुचून उपयोग नाही. एखाद्या निर्मात्याने आपल्या खऱ्या चित्रपटाचं खर्चाचं पत्रक मुलांसमोर ठेवून, कुठे पैसे वाया गेले ते ओळीओळीने दाखवलं, तर त्या एका दुपारची किंमत दहा व्याख्यानांहून जास्त आहे. हे पत्रक दाखवायला माणसं कचरतात. त्यांनी कचरू नये.

चैतन्य ताम्हाणे यांनी 'कोर्ट'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यानंतर पुन्हा शिकायला जाणं पसंत केलं. रोलेक्सच्या एका उपक्रमातून ते अल्फोन्सो क्वारोन यांच्याकडे गेले आणि मेक्सिकोत 'रोमा'चं चित्रीकरण त्यांनी जवळून पाहिलं. नंतरच्या 'द डिसायपल'ला 2020 मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला, आणि क्वारोन त्याचे कार्यकारी निर्माते होते. शिकवणाऱ्याचं स्वतःचं काम चालू असताना शिष्य शेजारी असणं ही दुर्मीळ संधी आहे. पण तिची छोटी रूपं महाराष्ट्रात सहज शक्य आहेत. चित्रीकरण कुठल्याही तालुक्यात चालू असतं. तिथल्या महाविद्यालयातल्या चार मुलांना आठवडाभर सेटवर उभं राहू देणं निर्मात्याला जड नाही. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट तेव्हाच्या अहमदनगरमध्ये जनसंवाद शिकत असताना झाला आणि राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला. गुणवत्ता मुंबई-पुण्याबाहेर आहे याला आणखी पुरावा कशाला हवा?

एका गोष्टीबद्दल मात्र मला चीड आहे. काही ठिकाणी कार्यशाळेच्या फीमध्ये भूमिकेचं आमिष मिसळलेलं असतं: इथे आलात तर आमच्या पुढच्या मालिकेत विचार होईल. हा शिकवण्याचा व्यवहार नव्हे. आणि भावना मोकळ्या करण्याच्या नावाखाली मुलांच्या जुन्या जखमा सगळ्यांसमोर उकरणारे प्रयोगही थांबायला हवेत. उत्तम नट असणं म्हणजे दुसऱ्याच्या मनाशी असं वागण्याचा परवाना नव्हे. विद्यार्थ्याला नको म्हणता आलं पाहिजे, आणि अल्पवयीन मुलं असतील तर वर्गाचं दार पालकांना उघडं असलं पाहिजे.

काम करणाऱ्या कलावंतांना माझी विनंती आहे की वर्षातला एक आठवडा एखाद्या लहान गावाला द्या, आणि जाताना आठवणींऐवजी तुमची खाडाखोड केलेली पटकथा, फसलेले टेक आणि खर्चाचं पत्रक घेऊन जा. शिकायला निघालेल्यांनी फी भरण्याआधी संयोजकांना एवढंच विचारावं: माझे किती प्रसंग चित्रित होतील, ते माझ्यासोबत कोण पाहील, आणि चुकलेला प्रसंग पुन्हा करायला मिळेल का? सरळ उत्तर आलं नाही तर ते पैसे वाचवा, दोन दिवसांसाठी चांगला माइक भाड्याने घ्या आणि मित्रांना घेऊन पाच मिनिटांचा लघुपट करा.