मोडलेला नवस

देवीसमोर दारू सोडण्याची शपथ घेतलेला मनुष्य महिन्याभरात पुन्हा पिऊ लागला, तर तो पापी ठरतो काय? डहाणू-तलासरीच्या परिसरात हा प्रश्न जुनाच आहे.

येथील आदिवासी बांधवांच्या विधींत ताडी व मोहाच्या दारूला स्थान होते. मात्र १८७८ च्या अबकारी कायद्याने घरी दारू गाळणे गुन्हा ठरले, ती ठेकेदाराच्या गुत्त्यातून विकत घ्यावी लागली आणि पेल्यामागून कर्ज आले. पुढे १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात ‘सालाबाई’ देवीचा संचार सुरू झाला. डोंगरपट्टीतून तो सुरत जिल्ह्यापर्यंत पोहोचला. दारू-ताडी सोडा, नित्य स्नान करा, अशी देवीची आज्ञा अंगात आलेल्यांच्या मुखातून प्रकट होई. ती एकट्यादुकट्याला नव्हती. गावेच्या गावे एकत्र बसून ती ऐकत. तरीही पुढे अनेकजण जुन्या रीतीकडे वळले. सुरतेकडील चौधरी समाजात तर ‘वरजेला’ म्हणजे सोडणारे आणि ‘सरजेला’ म्हणजे न सोडणारे, असे दोन तट पडले.

आज नवस पुष्कळदा माता किंवा पत्नी बोलते आणि पाळायचा असतो दुसऱ्याने. एकाच्या वचनाने दुसरा बांधला जातो काय, याचा विचार क्वचितच होतो. मजुरी गुत्त्यात जाते, मुले बापाची चाहूल लागताच गप्प होतात, उपवास मात्र घरातील स्त्रीला घडतो. या हानीची जबाबदारी पिणाऱ्यावर आहेच; ती नाकारणे म्हणजे त्या माउलीवर अन्याय होय. परंतु दीर्घकाळच्या व्यसनाला वैद्यकशास्त्र आजार मानते. दारू एकाएकी तोडल्यास हातपाय कापतात, झोप उडते, प्रसंगी झटके येऊन जीवावर बेतते. अशा वेळी केवळ निग्रहाची अपेक्षा करणे हे तापाने फणफणलेल्याला शपथ घालण्यासारखे आहे.

नवस मोडल्याच्या लाजेने मनुष्य देवीपासून तोंड लपवितो, घरच्यांशी खोटे बोलतो आणि ती लाज बुडविण्यासाठी पुन्हा पितो. देवीच्या कोपाचा धाक घालणारे आप्त नकळत त्याला याच वाटेवर ढकलतात.

चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढे येथे श्री महालक्ष्मीची यात्रा भरते. असा कोणी घरी असल्यास त्याला मागे न ठेवता दर्शनाच्या रांगेत सोबत घ्यावे. जवळच कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. दारू तोडण्यापूर्वी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घेता येतो.