पहिल्या नगराध्यक्षांची तसबीर

महाराष्ट्रातल्या जुन्या नगरपालिकांच्या सभागृहांत माजी अध्यक्षांची तैलचित्रे भिंतीवर ओळीने दिसतात. अध्यक्ष गेले की शोकप्रस्ताव होतो, पुढे कधीतरी तैलचित्राचा ठराव येतो आणि तो बहुधा एकमताने मंजूर होतो. घरच्यांनी दिलेल्या एखाद्या जुन्या फोटोवरून चित्रकार टोपी, कोट आणि शांत डोळे रंगवतो. त्या माणसाने घेतलेले वादाचे निर्णय, ओढवून घेतलेले रोष, दुखावलेली माणसे यांना चौकटीत जागा नसते. जयंतीला आणि पुण्यतिथीला हार चढतो आणि कामकाज पुढे सुरू होते.

पिंपरी-चिंचवडमध्ये असा हार ज्यांच्या प्रतिमेला चढतो, ते अण्णासाहेब मगर या शहराचे पहिले नगराध्यक्ष. मूळचे हडपसरचे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली, ती त्यांच्या पुढाकाराने. पुढे १९७७ साली ते खेड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. नेहरूनगरच्या स्टेडियमला आणि हडपसरच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. नाव राहिले, पण त्या नावामागचा राजकीय विचार शहराच्या बोलण्यातून हरवला आहे.

तो विचार समजायला १९७०च्या आधीची वर्षे पाहावी लागतात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या सुमारास टेल्को, बजाज यांच्यासारखे कारखाने या पट्ट्यात उभे राहिले. मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून माणसे भोंग्याच्या वेळेवर जगायला आली. कारखान्याला जमीन, वीज आणि पाणी देणारी यंत्रणा सरकारकडे होती. कामगाराच्या घरापुढचे गटार, त्याच्या मुलाची शाळा, रात्रपाळीहून परतताना लागणारा रस्त्यावरचा दिवा, यांचा धनी मात्र कोणी नव्हता. ते ओझे ग्रामपंचायतींना पेलणारे नव्हते. पुणे शहराने हा भाग पोटात घेतला असता तर तो त्या शहराचा मागच्या दारचा कोपरा होऊन राहिला असता. मगरांच्या पुढाकाराने तिसरी वाट निघाली. चार गावांनी आपापली वेस ओलांडून एक संस्था करायची आणि कारखान्यांमुळे येणारा पैसा तिथेच खर्च करायचा, ही ती वाट.

तो पैसा जकातीतून आला. हद्दीत येणाऱ्या मालावरची जकात हा पालिकेचा मोठा आधार होता, आणि कारखान्यांच्या कच्च्या मालामुळे तो भक्कम राहिला. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी पालिकेची महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेली होती. २०१३ साली जकात गेली, तोवर रुंद रस्ते, उड्डाणपूल, रुग्णालये, उद्याने उभी राहिली होती. संस्था वेळेवर उभी राहिली, म्हणून पैशाला वाट मिळाली. मगरांचा खरा राजकीय वारसा हाच आहे, असे मी मानतो.

या वारशाला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकू नये. कामगारांना घरे मिळावीत म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. त्यासाठी निगडी, आकुर्डी, वाल्हेकरवाडी, भोसरी परिसरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी त्या घरांतल्या पिढ्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले. परवडणारे घर ज्यांना मिळाले नाही त्यांनी गुंठा-दोन गुंठे घेऊन बांधकामे केली. मग ती अनधिकृत ठरली, त्यांच्यावर शास्तीकर लागला, आणि तो रद्द करण्याच्या आश्वासनांवर निवडणुका लढवल्या गेल्या. ज्यांच्या शेतांवर शहर उभे राहिले त्यांचा हिशेब चुकता झाल्याशिवाय शहराच्या शिल्पकाराचा गौरव पुरा होत नाही.

आता इंद्रायणी ओलांडून चाकणला या. चाकण खेड तालुक्यात आहे, म्हणजे मगर ज्या नावाच्या मतदारसंघातून खासदार झाले त्याच भागात. बजाजचा कारखाना तिथे १९९९ साली सुरू झाला. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या, पुढे महिंद्रा आली. चाकणला नगरपरिषद मिळाली ती २०१५च्या सुमारास. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, खालुंब्रे इथे कारभार ग्रामपंचायतींचा. जमीन औद्योगिक महामंडळाकडे, बांधकाम परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, महामार्ग आणखी कोणाकडे. तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात कामगारांच्या बस ट्रेलरच्या रांगेत अडकतात, तेव्हा जाब कोणाला विचारायचा हे गावकऱ्याला कळत नाही आणि कामगारालाही. ऑगस्ट २०२५मध्ये पालकमंत्री या नात्याने अजित पवार यांनी चाकणची पाहणी केली आणि इथे महानगरपालिका करावी लागेल असे सांगितले. पिंपरीत कारखान्यांच्या पहिल्या लाटेतच जे झाले, ते इथे कोंडी हाताबाहेर गेल्यावर बोलले जात आहे.

इथे तसबिरीचा अर्थ लागतो. १८१४ साली इंग्रज सैन्य वॉशिंग्टन शहर जाळायला आले, तेव्हा अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पूर्णाकृती तैलचित्र आधी हलवायला लावले. त्या चित्रात वॉशिंग्टन लष्करी गणवेशात नाहीत. अंगात काळा नागरी पोशाख आहे, टेबलावर कागद आणि लेखणी. लोकांनी दिलेले आणि मुदतीत सोडायचे पद तिथे रंगवले आहे. आपल्या नगराध्यक्षांच्या चित्रांचे मोलही तेच. गावाच्या बऱ्यावाईटाला उत्तर देणारा एक चेहरा होता, याची ती साक्ष आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या सभागृहाची मुदत १३ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे राहिला. अधिकारी कितीही कार्यक्षम असला तरी तो मतदाराच्या दारात मत मागायला येत नाही. म्हणूनच मतदाराला त्याला दारात अडवताही येत नाही.

चाकणकरांनी महानगरपालिकेची मागणी जरूर करावी, पण केवळ पाटी बदलण्यावर समाधान मानू नये. घोषणेबरोबरच निवडणुकीची तारीख मागावी. विकास आराखड्यात कामगारांच्या घरांसाठी जागा आधी राखून घ्यावी. जमीन जाणाऱ्या शेतकऱ्याचा परतावा ताबा घेण्याआधी त्याच्या हातात पडला पाहिजे, असा आग्रह धरावा. पिंपरी-चिंचवडने वेळेवर संस्था उभी केली, त्याचे फळ त्या शहराला मिळाले. शेतकऱ्याला ताटकळत ठेवले, त्याची किंमतही शहराने मोजली. चाकणने यातला पहिला धडा गिरवावा आणि दुसरी चूक टाळावी.