कोंदण आणि नखी

आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी हाताने दागिने घडविते. काही महिन्यांपूर्वी तिने आपले एक पदक आम्हांस आणून दाखविले. मध्यभागी जयपुरी पद्धतीचे कुंदनकाम आणि भोवती पाश्चात्त्य धर्तीच्या बारीक नख्यांत बसविलेले खडे. आम्ही कौतुक केले, परंतु ती समाधानी नव्हती. "फादर, आजी म्हणते, हे ना आपलं, ना त्यांचं. असं मिसळणं म्हणजे खोटेपणा आहे का?" त्या दिवशी आम्हांस पुरते उत्तर देता आले नाही. पुढे जो विचार केला, तो येथे मांडीत आहोत.

कोंदण आणि नखी म्हणजे प्रकाशाकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. कुंदनकामात घडणीच्या पोकळीत लाख भरतात, खड्याखाली चकचकीत डाक ठेवतात आणि शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा कडेने दाबून खडा पक्का करतात. खड्याची पाठ बंद राहते. वरून आलेला उजेड डाकेवरून परततो. दागिन्याच्या मागील अंगास मीनाकारी असते. ती बहुधा घालणाऱ्यालाच ठाऊक. पाश्चात्त्य रीतीत नख्या खड्याला उचलून धरतात. न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने १८८६ साली सहा नख्यांची अंगठी आणली, तीत हिऱ्याला खालूनही उजेड मिळावा हाच हेतू होता. त्यासाठी नेमके पैलू पाडावे लागतात आणि पैलू पाडताना वजन गमवावे लागते.

आता आपण ज्याला निखळ आपले मानतो, त्याकडे पाहू. मोगल दरबारांचे नामांकित पाचू बहुतांशी कोलंबियातील खाणींचे. सोळाव्या-सतराव्या शतकांत ते युरोपीय व्यापाऱ्यांच्या हातून, गोव्याच्या वाटेनेही, उत्तरेकडे गेले आणि तेथील कारागिरांनी त्यांवर फुले-पाने कोरली. विसाव्या शतकात तसेच कोरीव खडे पॅरिसला पोहोचले. कार्तिए पेढीने ते प्लॅटिनममध्ये हिऱ्यांसोबत बसविले. तिचा १९३६ सालचा प्रसिद्ध 'हिंदू हार' याच जातीचा. यात आपले किती आणि परके किती? खड्याचे गोत्र शोधून आजीचा प्रश्न सुटणार नाही, असे आम्हांस वाटते.

तथापि प्रत्येक मिश्रण निर्दोष असते असेही नाही. १८४९ साली पंजाब खालसा झाल्यावर कोहिनूर इंग्लंडच्या हाती गेला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात तो पुरेसा चमकत नाही, अशी लोकांची तक्रार झाली. पुढच्याच वर्षी त्याला नवे पैलू पाडण्यात आले आणि सुमारे १९१ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटवर आला. वजन राखणाऱ्या आपल्याकडील दृष्टीला तेथे स्थान नव्हते. एकाच्या मापाने दुसऱ्याला तासणे, याला संगम म्हणता येणार नाही.

त्या तरुणीने आपली एक चूकही सांगितली होती. पहिल्या पदकाचे कुंदनकाम पूर्ण झाल्यावर तिने त्याला नख्यांची चौकट झाळून जोडली. आचेने लाख वितळली आणि खडे निखळले. ज्या वृद्ध कारागिरांनी ते बसविले होते, त्यांनी तिला समजाविले : आधी झाळकाम उरकायचे, मग मीना भाजायचा, लाख आणि कोंदण अगदी शेवटी. ती आठवडाभर त्यांच्या शेजारी बसून शिकली. आमच्या मते तिच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या आठवड्यात आहे. दोन्ही रीतींची शिस्त ज्याने सोसली, त्याचे मिश्रण खरे. चित्र पाहून केलेली नक्कल फार काळ टिकत नाही. डाकेवर बसणारा चपटा हिरा तसाच नख्यांत धरला, तर तो मंद दिसतो आणि सत्य सांगून टाकतो.

उरलेले निम्मे उत्तर ऋणाचे आहे. पॅरिसचा हार पेढीच्या नावाने ओळखला जातो, पाचू कोरणाऱ्याच्या नावाने नव्हे. आम्ही तिला विचारले, "पदक विकताना त्या बाबांचं नाव सांगतेस का?" ती म्हणाली, "मी त्यांना खड्यामागे ठरलेले पैसे दिले, फादर." आणि गप्प झाली.

आम्हीही गप्प झालो. आमच्या चर्चमधील वेदीचे कोरीव लाकूडकाम कोणी केले, हे आम्हांस सांगता येत नाही. त्यासाठी देणगी देणाऱ्यांची नावे मात्र संगमरवरावर आहेत.