तपस्व्याजवळची तलवार



आजचं वाचन: वाल्मीकि रामायण, अरण्यकांड, सर्ग ९ आणि १०.

शेवटची लोकल पकडून डोंबिवलीला उतरलं की रस्ता सुनसान असतो. घरी आई-बाबा एकटे असतात. ११२ ला फोन लावता येतो, पण गाडी येईपर्यंतची मिनिटं कुणाच्या भरवशावर काढायची? मग मित्रांमध्ये विषय निघतो, 'लायसन्स काढून एक पिस्तूल घरात ठेवलं तर?'

ही भीती खोटी नाही. कायदाही तिची दखल घेतो. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे, पण बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं. शस्त्र ठेवायचं तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत तो ठाणे पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो. पण परवाना आपलं मन तपासत नाही. ते काम आज सीतामाई करते.

दंडकारण्यात रामाने ऋषींना राक्षसांपासून रक्षणाचा शब्द दिला आहे. सीतेला काळजी वाटते. हातात धनुष्य आहे, वैर नसताना कुणावर चाललं तर? ती एक गोष्ट सांगते. एका तपस्व्याकडे इंद्र योद्ध्याच्या वेषात येतो आणि आपली तलवार ठेव म्हणून ठेवून जातो. ठेव हरवू नये म्हणून तपस्वी ती सतत जवळ बाळगतो. फळं-मुळं आणायला गेला तरी तलवार सोबतच. हळूहळू त्याची बुद्धी क्रूर होते, तप सुटतं आणि शेवटी तो नरकात जातो.

लक्षात घ्या, त्याने तलवार मागितली नव्हती. हेतूही चांगला होता. फक्त ती सतत जवळ होती.

आपल्या शेजारचंच उदाहरण बघा. २ फेब्रुवारी २०२४, उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं. जमिनीच्या वादातून दोन पुढारी तिथे आले होते. वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्येच गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. आपल्या मुलाला मारहाण होत होती म्हणून गोळी झाडली, असं त्यांनी माध्यमांना सांगितलं. निकाल न्यायालय देईल. आपण एवढंच पाहायचं, की तिथे पोलीस यायला उशीर झाला नव्हता. ते ठाण्यातच होते. तरी गोळी सुटली.

मग रामाने धनुष्य टाकलं का? नाही. तो सीतेवर रागावतही नाही. तू प्रेमापोटी बोललीस, असं म्हणतो. पण सांगतो, की पीडितांचा आक्रोश ऐकू येऊ नये म्हणूनच क्षत्रिय धनुष्य धरतो. ऋषी शरण आलेत, मी शब्द दिलाय, तो मोडणार नाही.

म्हणजे रामाच्या धनुष्यामागे दुसऱ्याची हाक होती. आपल्या कपाटातल्या पिस्तुलामागे काय असेल?

ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याने रीतसर अर्ज करावा. त्यात पाप नाही. पण आधी स्वतःला विचारा. पार्किंगवरून, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, रिक्षाच्या रांगेत मी किती पटकन पेटतो? तो राग आणि ते पिस्तूल एकाच घरात राहणार आहेत. लहान मुलंही त्याच घरात आहेत.

आणि भीतीचं काय? गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी 'अभय' या शब्दाने सुरू होते. ते एकट्याने कुलूप लावून मिळत नाही. आजची साधना साधी आहे. मजल्यावरच्या प्रत्येक घराचा नंबर घ्या. एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर त्यांना सांगा, 'रात्री कधीही फोन करा, मी येतो.' आणि फोन आला तर ११२ लावा, चार दारं ठोठवा आणि खरंच जा.

पोलीस पोहोचेपर्यंतची मिनिटं शेजाऱ्यांनीच भरून काढायची असतात. रामाने शब्द दिला होता. आज आपणही एक देऊया.

राम कृष्ण हरी! 🙏